होडीचं चित्र

बाई,

काल तुमची चित्रांची गुंडाळी घेऊन मी करंजाच्या कोळीवाड्यात जाऊन आले. एकटीच गेले. तुम्हाला माती देऊन पुरता आठवडाही झालेला नव्हता. पाळकसाहेब म्हणाले, "सुमन, एवढ्यात नको. घरी रडून घे, मग जा." पण तुमचा करंजाला जायचा वार चुकवायचा म्हणजे तिथल्या बायकांना तुमच्या जाण्याची बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळणार, ते मला नको होतं. एस.टी.त गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसले. कंडक्टर म्हणाला, "म्हातारी बाई कुठाय?" मी सांगितलं. त्याने तिकीट फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

काल तिथे काय झालं ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे. पण ते सांगण्याआधी आपलं जे भांडण अर्धवट राहिलं, ते मला पुन्हा काढावं लागेल. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काढ. बी.ए. झालीस ती कशाला?"

भांडणाचं मूळ ही गुंडाळीच. काठीला वरून बांधलेली, पवित्र शास्त्रातल्या येशूच्या गोष्टींची मोठी रंगीत चित्रं, मागून कापड लावलेली. भाताच्या गिरणीत राबून आलेले माझे वडील दारात पाय धूत असायचे आणि आत तुम्ही मला त्याच चित्रांखालची अक्षरं लावायला शिकवत असायचात. "मेंढपाळ" हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द. पुढे मला कॉलेजात घालायचं म्हणून तुम्ही वडिलांशी जे भांडलात, ते आमच्या आळीला अजून आठवतं. त्यांनी शेवटचं म्हणून विचारलं, "बाई, ही शिकून करणार काय?" तुम्ही म्हणालात, "माझ्याशी वाद घालेल. पनवेलात माझ्याशी वाद घालणारं धड कोणी नाही." वडील हसले, आणि हसले म्हणून मी शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकचं तोंड पाहिलं नव्हतं.

म्हणून मी वाद घातला. तुमची रीत मला पटायची नाही. ज्या घरी आपण जाऊ, त्या घरची बाई चित्र निवडायची. तिने एकेक चित्र काठीवरून मागे टाकायचं, वाटेल तिथे थांबायचं, आणि त्याच चित्रावर तुम्ही बोलायचं. घरून काही ठरवून न्यायचं नाही. मी म्हणायचे, "बाई, हा निष्काळजीपणा आहे. उपदेशाला तयारी लागते." तुम्ही म्हणायचात, "सगळी चित्रं पाठ आहेत, ती माझी तयारी. निवड माझ्याकडे ठेवली तर मी रोज सोपं तेच काढीन आणि छान बोलून घरी येईन. मग प्रभूला बोलायला जागा कुठे राहिली?" पहाटे उठून तुम्ही जी प्रार्थना करायचात, तीही त्या न निवडलेल्या चित्रासाठीच असायची. "आज जे निघेल त्याला पुरेल एवढं दे," एवढंच मागायचात. मला ते तेव्हा भाबडं वाटायचं. आता नुसतं भाबडं वाटत नाही, भीतीही वाटते, कारण ती काठी आता माझ्या हातात आहे.

दिवाळीच्या सुट्टीतला तो दिवस तुम्हीही विसरला नव्हता, पण त्याचं नाव आपण दोघी क्वचितच काढायचो. आदल्या संध्याकाळी अवेळी वारा सुटला होता. आपण करंजाला पोचलो तेव्हा बांबूच्या मांडवांवरचे बोंबील वाळूत विखुरलेले होते आणि ते गोळा करायला कोणी वाकत नव्हतं. बाकीच्या होड्या आल्या होत्या, दोन आल्या नव्हत्या. एकीवर हिराबाईचा मुलगा होता. दुसरीवर जनाबाईचा नवरा.

तुम्ही आधी जनाच्या झोपडीत गेलात. तिच्याजवळ जमिनीवर बसून प्रार्थना केलीत. मी दाराशी उभी होते, शब्द न् शब्द ऐकला. मग आपण हिराबाईच्या अंगणात गेलो. तिथे सगळ्या बायका जमलेल्या, पुरुष कुडाला टेकून उभे. मला वाटलं, आज गुंडाळी उघडायची नाही. तुम्हीही ती तशीच बांधलेली खाली ठेवलीत. हिराबाईनेच पुढे होऊन दोरी सोडली.

ती चित्रं मागे टाकत गेली. मेंढपाळ गेला, विहिरीवरची बाई गेली, आंधळा गेला. मला पुढचं चित्र माहीत होतं. मी तुमच्याकडे बघून मान हलवली, की थांबवा तिला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि थांबवलं नाहीत. ते चित्र आलं. काळं पाणी, तिरपी झालेली होडी, शिडाला लोंबकळलेली माणसं, आणि एक हात वर करून उभा असलेला प्रभू.

"ह्यो सांग," हिराबाई म्हणाली.

तुम्ही सांगितलंत. मी ते चित्र अनेक उपदेशकांकडून ऐकलं होतं. सगळे पटकन शेवटाकडे जातात, वारा थांबला, पाणी निवांत झालं. तुम्ही होडीतल्या माणसांपाशीच राहिलात. ही माणसं मच्छीमारच होती, पाणी ओळखणारी होती, म्हणून त्यांना कळलं होतं की आता काही खरं नाही. ती कशी ओरडली, झोपलेल्या धन्याला कशी हलवून उठवत होती, आम्ही मरतोय आणि तुला काही वाटत नाही का असं कसं रागाने विचारलं. हिराबाईची नजर चित्रावरून हलली नाही. शेवटी तुम्ही म्हणालात की तो उठला, आणि वारा पडला.

तेव्हा तिचा दीर धाकू कुडापासून पुढे आला. तोच धाकू, जो मला "मास्तरीणबाय, नाक दाबू नका, वास आमचा नाय, मासळीचा हाय" म्हणून चिडवायचा. त्या दिवशी चेष्टा नव्हती.

"बाय, मंग आमची होडी? तुजा देव वाऱ्याला गप म्हनतो ना? दिवस बुडायच्या आत होडी आली, तर आमी समदं घर तुज्या देवाचं. आनि नाय आली, तर ह्या तुज्या चित्राला समिंदरात टाकीन."

 मी मनात म्हणत होते, बाई, होय म्हणा. तुमचा विश्वास आहे ना, मग म्हणा. एवढ्या वर्षांत करंजाच्या एकाही माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. मिशनच्या वरच्या कचेरीतून आलेले साहेब दर खेपेला पाळकसाहेबांना विचारायचे, तिथे त्या बाईला पाठवून उपयोग काय. तुमचं काम त्या अंगणात टांगणीला लागलं होतं, ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं.

तुम्ही त्यांच्याच बोलीत म्हणालात, "तो आनू शकतो, धाकूदादा. आनीलच असं मी कबूल करू शकत नाय. मी त्याची चाकर हाय, मालकीन नाय."

हिराबाईने मान वर केली. "मंग तू आलीस कशाला?"

बाई, हा प्रश्न त्यानंतर मला प्रत्येक उपदेशाच्या आधी ऐकू आला आहे.

"तुज्यापाशी बसायला," तुम्ही म्हणालात. "आनि तुज्यासंगती त्याच्याकडं मागायला." मग जनाच्या झोपडीत जी केली होती, तीच प्रार्थना तुम्ही केलीत. एकही शब्द जास्त नाही.

दुपारभर आपण किनाऱ्यावर बसलो.  कोणी चहा आणला, तो तुम्ही हिराबाईला पाजलात. उन्हं उतरायला लागली तेव्हा एक पोर ओरडलं, आणि मग सगळा किनारा धावला. शीड फाटलेलं, डोलकाठी मोडलेली, पण होडी आली. हिराबाईचा मुलगा गुडघाभर पाण्यात उतरला आणि उभाच राहिला. आई त्याच्या गालांवर हात फिरवत होती आणि त्याला शिव्या देत होती.

मी रडत होते. वर बघून आभार मानत होते, आणि खरं सांगते, मनात पाळकसाहेबांना सांगायची वाक्यंही जुळवत होते.

धाकू नारळ घेऊन आला. मागे त्याचं सगळं घर. तुमच्या पायाशी नारळ ठेवून म्हणाला, "बाय, आमी बोललो ते बोललो. आता काय करायचं ते कर."

तुम्ही त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होतात. मीही वळून बघितलं. जना पाण्याच्या कडेला उभी होती. सगळे होडीकडे बघत होते आणि ती होडीच्या मागच्या पाण्याकडे बघत होती. तिथे काही नव्हतं.

तुम्ही धाकूला विचारलंत, "होडी आली नसती तर आला असतास?"

"नाय."

"मंग आता येऊ नको. ऐकायला ये. होडीसाठी त्याचे आभार मान, मीबी मानते. पन बाप्तिस्मा होडीवर नको. उद्याला दुसरी होडी नाय आली, तर तू त्याला सोडशील."

आणि नारळ त्याच्या हातात परत देऊन तुम्ही वाळूतून जनाकडे चालत गेलात. तो दिवस आणि पुढचे कितीतरी दिवस तुम्ही तिच्याकडेच होतात. तिचा नवरा आला नाही.

पुढचं भांडण पनवेलला झालं. पाळकसाहेब भले माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "बाई, इतक्या वर्षांत एक दार उघडलं, आणि तुम्ही ते आपल्या हाताने लावून घेतलंत."

"साहेब, त्याने उघडलं असेल तर माझ्याने लागायचं नाही," तुम्ही म्हणालात.

"आता मी वर काय कळवू?"

"होडी आली म्हणून कळवा. आणि एक आली नाही, तेही कळवा."

मी साहेबांच्या बाजूने बोलले. तुमच्यासमोर, तुम्हीच शिकवलेल्या मुलीने. मी म्हटलं की देवाने त्याचं सामर्थ्य डोळ्यांसमोर दाखवलं आणि तुम्ही ते झाकून ठेवलंत. शास्त्रात माणसं चमत्कार बघूनच मागे आली, म्हणून कोणी त्यांना परत धाडलं का? ज्याच्या सामर्थ्यावर आपण प्रचाराला जातो, ते दिसल्यावर आपणच लाजायचं का? तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग म्हणालात, "चांगलं बोलतेस. चल, जनाच्या अंगणात ये आणि हेच बोल."

मी आले. आणि बोलले नाही. जनासमोर बसून मला ते वाक्य सुरूही करता आलं नाही. तुम्ही परतीच्या वाटेवर त्याचा उल्लेखसुद्धा केला नाहीत, एवढं मोठं मन होतं तुमचं. पण मी गप्प बसले म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मला अजून वाटतं, धाकूला त्या दिवशी घ्यायला हवं होतं. अर्धवट विश्वासाने आलेल्या माणसाला प्रभूने कुठे हाकललं? कदाचित तुमची भीती देवाच्या सामर्थ्यापेक्षा मोठी झाली असेल. कदाचित नसेल. मला ठाऊक नाही, आणि आता कोणाला विचारू?

तुमचं काम काही बंद झालं नाही. पाळकसाहेबांनीच ते अंगावर घेऊन वाचवलं असणार, त्यांनी कधी सांगितलं नाही. धाकू पुढच्या खेपेपासून कुडाच्या बाहेर येऊन बसू लागला. तुम्ही "आत ये" म्हटलंत की म्हणायचा, "ऐकायला नाय आलो. सावलीला बसलोय." पावसाळ्याच्या ढगाळ दिवशीही तो सावलीलाच बसायचा. अजून बसतो. त्याला तुम्ही कधी टोकलं नाहीत, आणि मी टोकलं तर माझ्या पाठीत हळूच बोट खुपसायचात.

आणि जना. तिच्या अंगणात बैठक असली की चित्र तिने निवडायचं. ती दर वेळी विहिरीवरच्या बाईवर थांबायची. त्या बाईवर तुम्ही तिच्याकडे किती वेगवेगळ्या वेळी बोललात, आणि दर वेळी काहीतरी निराळं बोललात. ती कधी पुढे गेली नाही. पुढे काय आहे ते तिला माहीत होतं.

मग तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यातल्या त्या खाटेवर तुम्ही किती लहान दिसत होतात. मंडळी येत होती, हात ठेवून प्रार्थना करत होती. एक वडीलधारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "प्रभू सांगतो आहे, बाई या खाटेवरून उठणार." ते गेल्यावर तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "यांना प्रभूने कधी सांगितलं? मी तर दिवसभर इथेच आहे."

मी हसले आणि मग मला हुंदका आला. मी म्हटलं, "बाई, मीही तेच मागते आहे. मागू नको का?"

तुम्ही माझा हात धरलात. तुमच्या हातात जोर नव्हता. "माग. मागायला मी कधी नको म्हटलं? भरपूर माग. फक्त त्याच्या वतीने कबूल करू नकोस."

मी मागितलं, बाई. तुमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली उभी राहून मागितलं, शाळेत मुलांना निबंध लिहायला देऊन मागितलं. ज्याने हिराबाईची होडी आणली, त्याला तुम्हाला उठवणं अवघड नव्हतं. त्याने नाही उठवलं. मला राग आहे. तुम्ही म्हणाला असता, राग त्यालाच सांग, होडीतल्या माणसांनी सांगितला तसा. तेही करते आहे.

तुमचे आभार मात्र मानायचे राहिले. पदवी मिळाली त्या दिवशी मी पाया पडायला वाकले तर तुम्ही मला धरून उभं केलंत आणि म्हणालात, "आता तू बी.ए. बाई, मी नुसती बाई." सगळे हसले आणि माझे शब्द हसण्यात राहून गेले. मला म्हणायचं होतं की माझ्या तोंडात जे पहिलं अक्षर आलं ते तुम्ही घातलंत. आज म्हणते. उशीर झाला आहे.

आता काल. बैठक जनाच्या अंगणात होती. मी तयारी करून गेले होते, तुमच्यापासून काय लपवू. पुनरुत्थानावर चार पानं लिहून पिशवीत ठेवली होती. मनाशी ठरवलं होतं की आज चित्र मीच काढीन, रिकाम्या कबरेचं, दुखवट्याचा दिवस आहे, कोणी काही म्हणणार नाही. बायका आल्या. हिराबाई आली, तिचा मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे. धाकू कुडाबाहेर बसला. बातमी सांगितली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. जना रडली नाही. तिने मला विचारलं,

"मास्तरीणबाय, बाय बरी व्हावी म्हून तुमी मागितलंत ना?"

"मागितलं."

"लई मागितलंत?"

"खूप मागितलं, जनाबाई."

"मंग?"

सगळं अंगण माझ्या तोंडाकडे बघत होतं. पिशवीतल्या चार पानांत याचं उत्तर होतं, चांगलं होतं, मला पाठही होतं. मी पिशवी उघडली नाही. "मग नाही झाल्या," मी म्हटलं. "का, ते मला ठाऊक नाही."

 

जना उठली. मला वाटलं आत निघून जाणार. ती गुंडाळीपाशी आली, दोरी सोडली आणि चित्रं मागे टाकू लागली. मेंढपाळ गेला. विहिरीवरची बाई आली, तिथे तिचा हात थांबला, सवयीने. मी श्वास सोडला. मग तिने तेही चित्र मागे टाकलं. आंधळा गेला. आणि होडी आली. त्या चित्राची एक कड फाटली होती, तुम्ही तिला आतून जुन्या लुगड्याची पट्टी लावून शिवली आहे, हे मला काल पहिल्यांदा दिसलं.

जनाने पाण्यावर हात ठेवला. होडीवर नाही, होडीच्या मागच्या काळ्या पाण्यावर.

"बायनं ह्यो माज्या दारात कदी उगडला नाय. मीबी नाय उगडला," ती म्हणाली. "आज सांग."

 तुमच्यापाशी काय होतं ते मला तेव्हा कळलं, की तुमच्यापाशीही काही नव्हतं. दर खेपेला तुम्ही अशाच रिकाम्या उभ्या राहत होतात, आणि मी तुमच्या मागे बसून समजत होते की बाईंना हे सोपं जातं. मी मनात तुमचीच प्रार्थना म्हटली, आज जे निघालं त्याला पुरेल एवढं दे. आणखी काही मागायला वेळ नव्हता.

"त्या होडीतली माणसं फार घाबरली होती," मी म्हटलं.

पुढे किती वेळ बोलले, काय बोलले, ते मला नीट सांगता येणार नाही. वारा पडला तिथे मी थांबले नाही. ज्यांच्यासाठी वारा पडला नाही त्यांचंही बोलले, आणि प्रभू त्यांच्याही होडीत होता असं मी मानते, हेही बोलले. ते बरोबर होतं की नाही, तुम्ही सांगितलं असतं.  हे सगळं मी माझ्या बळावर बोलले नाही एवढं मला ठाऊक आहे, कारण माझं बळ पहिल्या वाक्यालाच संपलं होतं.

जना माझ्यासमोर खाली बसली होती. तिने एकदाही मान डोलावली नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. पण बाई, ती उठून गेली नाही.